दोघांचा निरोप्या

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. आमचं अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते आम्ही स्वतःच फावडं मारून वाकडं करून घेतलेलं होतं. तरीही आम्हाला नाचता आलं नाही. १९०६ सालच्या त्या हंगामाबद्दल कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो आणि विषय बदलतो. आज मात्र सगळंच सांगतो, कारण क्लेबर्नमध्ये अजून लोक म्हणतात की झेंडा गस रीमानमुळे गेला. गस रीमान म्हणजे मी.

क्लेबर्न हे ओहायो नदीकाठचं कपबशांचं गाव. दिवसभर भट्ट्या पेटलेल्या, खिडकीत वाळत घातलेला शर्ट संध्याकाळपर्यंत करडा. बेसबॉल संघाचं नाव पॉटर्स, म्हणजे कुंभार. मी त्यांचा कॅचर. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं आणि पिचरनं फेकलेलं सगळं अंगावर घ्यायचं, हे माझं काम. उजव्या हाताची बोटं इतक्या वेळा मोडलेली की कोटाचं बटण लावायला बायकोला हाक मारावी लागे. इतकी वर्षं वेगवेगळ्या संघांतून हे केलं, आणि एकदाही लीग जिंकली नाही. जिंकणाऱ्या गावात पुढच्या वसंतात पहिल्या सामन्याआधी झेंडा चढवतात, बँड वाजतो, खेळाडू टोप्या काढून उभे राहतात. मला तिथे एकदा उभं राहायचं होतं. माटिल्डाला, माझ्या बायकोला, मी मे महिन्यातच सांगून ठेवलं होतं, "हे शेवटचं वर्ष. झेंडा चढताना बघू, आणि मग तुझ्या भावाच्या बेकरीत पाव भाजत बसू."

आता अंगणाचं. आमचा मॅनेजर फोगर्टी, सगळे त्याला कप्तान म्हणत. बसका, लालबुंद, तोंडात कायम तंबाखू. खेळाडूंपेक्षा त्याचा मातीवर जास्त विश्वास. घरच्या बेसपासून तिसऱ्या बेसकडे चुन्याची रेघ जाते. चेंडू रेघेच्या आत राहिला तर खेळ चालू, बाहेर घरंगळला तर फाउल, म्हणजे तो फटका रद्द. समोरचे संघ बंट करण्यात पटाईत होते. बंट म्हणजे बॅट फिरवायची नाही, नुसती चेंडूच्या आड धरायची, म्हणजे चेंडू जीव गेल्यासारखा रेघेलगत सरपटतो. म्हणून फोगर्टीनं मैदान राखणाऱ्या यान्कोकडून रेघेखालची माती बाहेरच्या बाजूला उतरती करून घेतली होती. दिसायला सपाट. पण चेंडू आपसूक बाहेर. सगळेच संघ आपापल्या मैदानात असलं काही ना काही करत. त्याला कुणी लबाडी म्हणत नसे.

या उतारावर सगळ्यात जास्त मिरवला तो तिसऱ्या बेसवरचा जॅक डेलाहंट. देखणा गडी, मिशीला मेण लावणारा. बंट आला की तो धावत यायचा, पण चेंडू उचलायचा नाही. त्याच्याशेजारी गुडघे टेकायचा, टोपी काढायचा आणि चेंडूवर फुंकर मारत त्याला रेघेबाहेर हाकलायचा. लोक बाकांवर उभे राहून टाळ्या पिटत. बायका तर फक्त ती फुंकर बघायला येत.

जूनमध्ये आगगाडीत फोगर्टी डेलाहंटच्या नव्या कोऱ्या गवती हॅटवर बसला. बसला तो बसला, वर म्हणाला, "बाकावर हॅट ठेवतात होय रे, शहाण्या?" डेलाहंट म्हणाला, "बाकावर बघून बसतात, कप्तान." झालं. त्या क्षणापासून दोघांचं बोलणं बंद. एका संघात, एका डब्यात, एका जेवणाच्या टेबलावर, आणि बोलणं बंद.

मग बोलणार कोण? मी. कॅचरला सगळं मैदान दिसतं, तेव्हा त्यानंच निरोप पोचवावेत, असं कुणी ठरवलं देव जाणे. मी जर्मन घरातला, म्हणून सगळ्यांचा डचमन.

"डचमन, त्या नटव्याला सांग, दोन पावलं मागे उभा राहा म्हणावं."

मी जायचो. "जॅक, दोन पावलं मागे."

"त्या पिंपाला सांग, मी कुठे उभं राहायचं ते मला कळतं."

मी परत. "कप्तान, जॅक म्हणतो, बरं."

बटाट्यांचा वाडगासुद्धा माझ्यामार्फत फिरायचा. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, म्हणतात. माझ्या वाट्याला थंड बटाटे आले.

चिडचिड होऊ नये तर काय व्हावं? त्या उन्हाळ्यात आम्ही एकेका धावेनं हरत होतो. पिचर कॉनॉली दारूच्या गुत्त्यातून उचलून आणावा लागे. एकटा अंपायर, तो पाठमोरा झाला की समोरचे धावपटू दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याला न शिवता थेट घरच्या बेसला येत, म्हणजे धाव फुकट. मी ओरडून घसा बसवून घेई. त्यात या दोघांचं टपालखातं.

ऑगस्टमध्ये फोगर्टीनं कहर केला. मला म्हणाला, "डेलाहंटला सांग, उद्या सकाळी सरावाला ये म्हणावं, अगदी लवकर." मी सांगितलं. डेलाहंट पावसात मैदानावर एकटा उभा राहिला. दुसरं कुणीच आलं नाही, कारण सराव नव्हताच. फोगर्टी खाणावळीत अंडी खात पोट धरून हसला. डेलाहंट ओल्या कपड्यांनी माझ्यासमोर आला.

"यापुढे त्याचा कुठलाही निरोप आणलास ना डच, तर तुझ्या त्या वाकड्या बोटांची शपथ, मी उलटंच करीन."

"अरे, मला काय माहीत तो चेष्टा करतोय?"

"मग नुसता पोपट आहेस का तू?"

होतो. पोपटच होतो. आणि पोपटाला पेरूसुद्धा मिळत नव्हता.

एवढं असूनही सप्टेंबरअखेर आम्ही आणि हॅडलीचा संघ बरोबरीत आलो. शेवटचा सामना आमच्याच मैदानात, हॅडलीशीच. जिंकेल त्याचा झेंडा. त्या सकाळी मी लवकर गेलो तर यान्को रेघेवर धुम्मस मारत होता.

"हे काय नवं?"

"कप्तानाचा हुकूम," यान्को म्हणाला. "उतार उलटा. आता चेंडू आतच राहणार."

फोगर्टी मागून आला, हात चोळत. हॅडलीच्या पिचरचा गुडघा सुजला होता, त्याला वाकता येत नव्हतं. आमच्या लोकांनी बंट करायचे, उतारानं ते आत ठेवायचे, आणि तो बिचारा लंगडत बसणार, असा त्याचा बेत. बेत वाईट नव्हता. पण मी तिसऱ्या बेसकडे पाहिलं.

"कप्तान, मग जॅकला सांगायला हवं. तो फुंकर मारत बसेल."

"सांग की."

"आज तुम्ही सांगा. पाया पडतो. आज एकदाच."

"मी त्या हॅटवाल्याशी बोलू? आधी माझी तंबाखू गोड होईल."

मी डेलाहंटकडे गेलो. तो बुटांना तेल लावत होता.

"जॅक, उतार बदललाय. आज चेंडू बाहेर जाणार नाही. हाताशी आला की उचल आणि फेक."

त्यानं वरही पाहिलं नाही. "कुणाचा निरोप?"

"कुणाचा का असेना! मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. चल, दाखवतो."

"चिखलात गुडघे टेकून मी उतार तपासायचा, आणि तो तिकडून हसणार. एकदा फसलो, डच. मी गाढव आहे, पण रोजचा नाही."

"माझ्या मुलांची शपथ, जॅक."

"तुला मुलं नाहीत."

"म्हणून तर खोटी घेत नाहीये!"

तो हसला आणि माझ्या खांद्यावर थोपटून निघून गेला. त्या दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत, असं मला तेव्हा वाटलं, आणि खरं सांगतो, अजूनही वाटतं.

त्या दिवशी आमच्या एकालाही धड बंट जमला नाही. सगळे हवेत उडाले, झेलले गेले. तिसऱ्याच्या रेघेवर शेवटच्या डावापर्यंत एकही चेंडू गेला नाही. म्हणजे तो उलटा उतार आमच्या काही उपयोगाचा ठरला नाही, नुसता दबा धरून बसला. तरी कॉनॉली शुद्धीवर होता आणि अप्रतिम फेकत होता. हॅडलीच्या शेवटच्या डावात आम्ही एका धावेनं पुढे होतो. त्यांचे दोघे आऊट, दोघे बेसवर, एक दुसऱ्यावर आणि एक तिसऱ्यावर. फलंदाजीला आला तो त्यांचा सुजलेल्या गुडघ्याचा पिचर. दोन स्ट्राइक, म्हणजे दोन चुकलेले चेंडू, त्याच्यावर चढले; तिसऱ्याला आऊट. मी उकिडवा बसलो होतो आणि मला बँड ऐकू येत होता.

दोन स्ट्राइक झाल्यावर बंट रेघेबाहेर गेला तर फलंदाज आऊट होतो. म्हणून अशा वेळी शहाणा माणूस बंट करत नाही. त्या लंगड्यानं केला.

चेंडू तिसऱ्या बेसकडे रेघेलगत सरपटत निघाला. फलंदाज फरफटत पहिल्या बेसकडे. त्याच्याआधी चेंडू तिथे फेकून त्याला आऊट करायला माझी म्हातारी आईसुद्धा पुरली असती. मी झेपावलो, पण डेलाहंट आधी पोचला होता. चेंडूशेजारी गुडघे टेकलेले, टोपी काढलेली, आणि एक हात आडवा पसरून मला अडवलेलं.

"उचल!" मी किंचाळलो. "जॅक, उचल!"

"थांब! जातोय बाहेर!"

त्यानं फुंकर मारली. सगळं गाव उभं राहिलं. चेंडू रेघेवर चढला, क्षणभर थबकला आणि निवांत परत आत उतरला. त्यानं पुन्हा गाल फुगवले. चेंडू त्याच्या गुडघ्याला येऊन टेकला. एव्हाना तिसऱ्यावरचा धावपटू माझ्या मागून घरी पोचला होता, आणि दुसऱ्यावरचाही. घरच्या बेसवर कुणीच नव्हतं, कारण मी रेघेवर डेलाहंटच्या हाताशी झटापट करत होतो. डेलाहंट अजून चेंडूकडेच बघत होता, पोटच्या पोरानं उलटं उत्तर दिल्यासारखा.

आमच्या डावात आम्हाला एकही धाव करता आली नाही. हॅडलीनं झेंडा नेला.

बाकांखालच्या खोलीत मी बर्फाच्या बादलीत हात घालून बसलो होतो. बाकीचे माना खाली घालून बसले होते. दार आपटून फोगर्टी आत आला आणि थेट डेलाहंटसमोर उभा राहिला.

"का नाही उचललास?"

जूननंतर पहिल्यांदा. सगळ्यांनी माना वर केल्या.

"मला कुणी सांगितलं होतं, कप्तान?"

"मी निरोप पाठवला होता!"

"तसा तुम्ही ऑगस्टमध्येही पाठवला होता."

फोगर्टीनं तंबाखू दुसऱ्या गालात सरकवली. मला वाटलं, आता हा कबूल करणार. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

"डचमन, तू याला नीट सांगितलं नाहीस?" फोगर्टी म्हणाला.

"सांगितलं! मुलांची शपथ घेऊन सांगितलं!"

"त्याला मुलंच नाहीत," डेलाहंट म्हणाला. "असं सांगितल्यावर कुणाला खरं वाटणार, कप्तान? तुम्हीच सांगा."

"तेच म्हणतो मी. निरोप कसा, ठणकावून द्यावा."

"हेच तर. नीट सांगितलं असतं तर मी उचलला नसता का?"

मी उठलो तर बादली लवंडली. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्यातलं निम्मं जर्मनमध्ये होतं आणि कुणाला कळलं नाही. फोगर्टीनं डेलाहंटच्या खांद्यावर हात टाकला. "चल, बिअर पाजतो. आणि तुझी ती हॅट राहिलीच आहे." दोघं हसत बाहेर पडले. बाकीचे माझ्याकडे न बघता बूट काढू लागले.

चार दिवसांनी मी खोलीत ट्रंक भरत होतो. दारावर टकटक झाली. डेलाहंट होता, नवी गवती हॅट घालून. ऑक्टोबरात ही उन्हाळी हॅट घालून फिरलं की रस्त्यात पोरं हिसकावून फाडतात, तरी घालून आलेला. दारातच उभा राहिला.

"कप्ताननं सांगायला सांगितलंय," तो म्हणाला.

"काय?"

"पुढच्या वर्षी तुझी गरज नाही म्हणाला. मला वाईट वाटतं, डच. पण त्यानं सांगितलंय."

"आणि त्याला स्वतःला पाय नाहीत?"

"तो तुझ्याशी बोलत नाहीये. त्या दिवशी तू फार बोललास त्याला."

मी ट्रंकेची कडी लावायला गेलो. बोटं वळेनात. डेलाहंट पुढे आला, वाकला आणि त्यानं ती लावून दिली. मग हॅट हातात घेऊन उभा राहिला.

"त्याला काही सांगू का तुझ्याकडून?"

"नको," मी म्हणालो. "तू नीट सांगणार नाहीस."