घड्याळातले घोडे

"चालू आहे काय?" विश्वनाथरावांनी डोळे उघडायच्या आधीच विचारलं.

"आहे." चारुशीलाबाईंनी त्यांचं डावं मनगट उचलून कानाशी नेलं. "ऐका नं, माझ्यावर भरोसा नसन तर."

विश्वनाथरावांनी ऐकलं. टिकटिक बारीक होती, पण होती.

"कमाल आहे वं! हात तर मेल्यासारखा पडून राहते. मग हे चालते कशानं?"

"मेला नाई म्हणून चालते. चहा घ्या आता."

घड्याळ त्यांच्या मुलीनं, भैरवीनं, निवृत्तीच्या दिवशी दिलेलं. ती मिहानमधल्या एका आयटी कंपनीत नोकरीला होती आणि बापासाठी खर्च करताना हात आखडता घेत नसे. कुठल्याशा कंपनीनं देशातल्या नावाजलेल्या वास्तूंवर महागडी घड्याळं काढली होती, त्यातलं हे नागपूरच्या झिरो माइलचं. तबकडी तिथल्या खांबाच्या दगडासारखी भुरकट, काटे खांबासारखे निमुळते, आणि मागच्या काचेतून दिसायचे ते खांबाजवळच्या पुतळ्यांसारखे चार घोडे, एका चकतीवर कोरलेले. घड्याळाला सेल नव्हता. हात हलला की घोड्यांची चकती फिरायची आणि तिच्या फिरण्यानं घड्याळाला आपोआप किल्ली बसायची.

विश्वनाथराव बांधकाम खात्यात आवक-जावक कारकून होते. सगळी नोकरी त्यांनी झिरो माइलवरून स्कूटर नेत केली, पण थांबून ते घोडे कधी पाहिले नाहीत. घड्याळातले मात्र रोज पाहायचे. चकती उलटी फिरली तर काय होतं, जेवताना जास्त फिरते की लिहिताना, असले शोध लावत निवृत्तीचे पहिले महिने मजेत गेले. चारुशीलाबाई म्हणायच्या, "पोट्टीनं बापाले खेळणं आणून दिलं."

दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं घरातल्या घरात चालू लागला, हात नाही. घड्याळ दोन दिवसांत थांबलं. व्यायाम करून घ्यायला मयुरा नावाची मुलगी यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता व्यायाम सोडलात तर हात कायमचा जाईल. होळीपर्यंत विश्वनाथरावांचा धीर संपला.

"उद्यापासून येऊ नको, बेटा," ते मयुराला म्हणाले. "घोडे मेले माझे."

दुसऱ्या सकाळी चारुशीलाबाईंनी कपाटातलं घड्याळ काढलं, हलवून चालू केलं आणि नवऱ्याच्या लुळ्या मनगटावर बांधलं.

"हे चालत राहिलं तर मयुरा येईल. थांबलं तर मी तुमच्यामागं लागणार नाई. मंजूर?"

जन्मभर सरकारी कागद हाताळलेल्या माणसाला अट घातली की बरं वाटतं. "मंजूर," ते म्हणाले. घड्याळ थांबणार याची त्यांना खात्रीच होती.

ते थांबलं नाही. मयुरा पुन्हा येऊ लागली. रबरी चेंडू आला, बोटं किंचित मिटू लागली, पण वस्तू धरवत नव्हती. चेंडू निसटून पलंगाखाली जायचा आणि विश्वनाथराव त्याला शिव्या घालायचे. तरी टिकटिक ऐकली की पुन्हा हात पुढे करायचे. अट म्हणजे अट.

चारुशीलाबाईंचा एकच नियम होता. दुपारी कूलर लावून विश्वनाथराव झोपले की घड्याळ काढून ठेवायचं, नाहीतर पट्ट्याखाली घामोळं येईल.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी विश्वनाथरावांनी उजव्या हातानं डावं मनगट उलटं केलं, तर बक्कलच्या खाचेत पिवळा वाळका कण दिसला. त्यांनी तो नखानं काढून हुंगला. हिंग, हिरवी मिरची, मुगाची डाळ. मुंगवडीचं पीठ! अंगणात वड्या घालणं चालू होतं हे त्यांना ठाऊक होतं. पण अंगणात तर ते दिवाळीपासून उतरलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी झोपेचं सोंग घेतलं. पावलं लांब गेल्यावर काठी टेकत खिडकीपाशी गेले आणि पडदा बोटभर सरकवला.

अंगणात निंबाच्या सावलीत चारुशीलाबाई बसल्या होत्या. समोरच्या खाटेवर, उन्हात, प्लास्टिकवर वड्यांच्या रांगा. वड्या घालणारा हात जास्त हलतो, म्हणून बांगड्या वर सारून घड्याळ उजव्या मनगटावर. वड्या घालून झाल्या, पातेलं घासून झालं, झाडणंही झालं, तशा त्या निंबाला टेकल्या. डोळे मिटले. उजवा हात मात्र, पाळणा हलवावा तसा, मागेपुढे हलतच राहिला.

विश्वनाथरावांना पहिल्यांदा राग आला. म्हणजे आपला हात मेलेलाच होता तर! इतके दिवस लहान पोरासारखं फसवलं आपल्याला. बोलवावं आणि चांगलं खडसावावं, असं मनात आलं.

तेवढ्यात चारुशीलाबाईंनी डोळे उघडले आणि मनगट डोळ्यांजवळ नेऊन वेळ पाहिली. मग पदरानं काच पुसून पुन्हा पाहिली. विश्वनाथराव चमकले. लग्न झाल्यापासून हिच्या हातावर घड्याळ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नळ आला की सकाळ, आपली स्कूटर वाजली की संध्याकाळ, एवढ्यावर हिचा संसार चालला होता. तुला घड्याळ पाहिजे का, असं तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. ते पलंगावर येऊन पडले.

पुढच्या दुपारी त्या घड्याळ काढायला आल्या, तसे विश्वनाथराव उठून बसले.

"काढ. अन् तुझा हात दे इकडं. उजवा."

"काहून?"

"दे म्हणतो नं. अन् मुंगवड्या पट्ट्यात नको घालत जाऊ."

चारुशीलाबाईंचा चेहरा उतरला. "मग आता मयुराले...?"

"मयुरा येईल. हात दे वं."

दुसऱ्याच्या मनगटावर पट्टा बांधायला दोन हात लागतात. डाव्या हातानं बक्कल धरायचं, उजव्यानं टोक ओढायचं. बक्कल निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. घड्याळ खाली पडलं, ते चारुशीलाबाईंनी उचलून दिलं. त्यांचा मोकळा हात सवयीनं मदतीला पुढे आला.

"हात नको लावू," विश्वनाथराव म्हणाले.

चारुशीलाबाईंनी तो पदराखाली घेतला. विश्वनाथरावांच्या कपाळावरून घाम गळत होता. डावा अंगठा थरथरत बक्कलवर दाबला गेला, आणि या वेळी निसटला नाही. सुई भोकात गेली.

"घट्ट झालं काय?"

"नाई." चारुशीलाबाईंनी मनगट फिरवून पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "बरोबर आहे."

"किती वाजले?"

त्यांनी वेळ सांगितली आणि वड्या उलटायला अंगणात गेल्या.