वरचं आवरण

लाँड्रीचे मालक पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकायचे आणि माझी धाकटी बहीण मागच्या खोलीत दिवसभर वाफेच्या इस्त्रीपाशी उभी. सकाळी ती सगळ्यांच्या पुढे असायची. दुपारी खोली तापली, की तिचा डावा पाय जड व्हायचा, डोळ्यांपुढे धुकं यायचं. घरी येऊन गार पाण्यानं अंग पुसलं, की पुन्हा ठणठणीत. मालक चारचौघांत म्हणायचे, "नाचता येईना अंगण वाकडं! कामाच्या वेळीच बरा पाय जड होतो हिचा!" बाकीच्या बायका मान खाली घालून इस्त्री फिरवत राहायच्या.

शेवटी मी तिला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "मेंदूत निरोप नेणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना सांभाळणाऱ्याही असतात. त्यांतल्या काही मज्जातंतूंवर आवरण चढवतात. हिचं शरीरच ते आवरण खरवडून काढतंय. उघडा पडलेला तंतू तापला, की निरोप वाटेतच अडकतो. हे नाटक नाही. औषध सुरू करू, पण हिला उष्णतेपासून लांब ठेवा."

आजाराचं नाव ऐकून धाकटी रडली नव्हती. 'नाटक नाही' ऐकल्यावर मात्र हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत दुकानात गेले. मागणं एवढंच, की तिला दाराशी बसून घड्या घालायचं काम द्या.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे नस शाबूत आहे ना? वरचं आवरणच गेलंय ना? मग एवढं काय त्यात?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या टेबलावर एक इस्त्री चालू होती. तिच्या वायरचं रबर फाटून आतलं तांबं दिसत होतं. मी म्हटलं, "मालक, या इस्त्रीचीही तार शाबूत आहे. वरचं आवरणच गेलंय. धरा बरं हातात!"

त्यांनी हात चटकन मागे घेतला. आतल्या खोलीत कुणीतरी खुदकन हसलं.

"ताई, जा ना तू आता," धाकटी कुजबुजली.

ती वायर त्याच संध्याकाळी बदलली. कुणाला झटका बसला तर निस्तरायचं कुणी, असं मालक म्हणाले म्हणे. मग त्यांनी धाकटीला बोलावलं. "तू खरंच आजारी आहेस ना? मग उद्यापासून घरीच बस."

इतके दिवस नाटकी होती, तर चालत होती.