वाचायचा आवाज

डाव्या मांडीखाली, गादीत, ती गाठ होती. सुपारीएवढी. मांडी हलवली की जरा सरकायची आणि पुन्हा तिथंच यायची. भंवरलाल सकाळपासून तिच्यावर बसून होता — सकाळपासून कसला, तीन दिवाळ्यांपासून. दुकानाची गादी दिवाळीआधी पिंजून घ्यायची आणि ताज्या गादीवर लक्ष्मीपूजन करायचं, ही वडिलांपासूनची रीत. धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी दगडूभाई पिंजारी खांद्यावर लांब कमान टाकून यायचा, दुकानामागच्या मोकळ्या जागेत कापूस पसरायचा, आणि मग दिवसभर त्या कमानीची तार वाजत राहायची... आता टेंभुर्णीत ती वाजत नाही. “जालन्याला मशीनवर पिंजून आणा की,” बसंतीबाई दरवर्षी म्हणते. तो लगेच हो म्हणतो. नवरा इतक्या लवकर हो म्हणाला की काम होत नसतं, हे तिला एव्हाना कळून चुकलंय.

समोरच्या फळीवर रामकिसन आणि काकासाहेब रोजच्यासारखे बसले होते. रामकिसनला अक्षरओळख नाही आणि काकासाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून वीसेक वर्षं भंवरलालच पेपर मोठ्यानं वाचतो. वाचायचा त्याचा एक निराळा आवाज आहे — जाडसर, शब्द तोडून तोडून, रेडिओवर बातम्या देतात तसा. तो आवाज लागला की समजायचं, हे छापलेलं. आवाज खाली आला की शेठचं स्वतःचं मत. कुणी असं ठरवलं नव्हतं, पण फळीवर बसणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

आज त्यानं पहिल्याच पानावरची बातमी वाचली होती. तीन वर्षांपूर्वी दूरच्या शहरात, भरबाजारात झालेल्या स्फोटाची. धरलेले सगळे निर्दोष सुटले, दुसऱ्याच कुणाचा तरी हात असल्याचा संशय, तपास नव्यानं सुरू.

“मंग केला कुणी?” रामकिसन म्हणाला.

“तवाबी तू हेच इचारल्तं,” काकासाहेब म्हणाले.

तेव्हा... बावीस माणसं गेली होती तेव्हा, भाजी घ्यायला आलेली. फोटोत रस्त्यावर वांगी सांडलेली होती आणि एकच चप्पल. त्या बावीस जणांसाठी आमच्यापैकी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं का, मला आठवत नाही. वाद मात्र शब्द न् शब्द आठवतो. काकासाहेब म्हणत होते, हे बाहेरच्या मुलखातल्यांचं काम. भंवरलाल म्हणत होता, आतलं कुणी फितूर असल्याशिवाय बाहेरच्याचा हात पोचतच नाही. वाद चढत गेला, चार माणसं आणखी जमली, आणि काकासाहेब सगळ्यांदेखत हसले — “शेठ, तुमी आपलं गूळ-तेल इका. तसं पेपरात दिलंय का?”

पेपरात नव्हतं. तपास सुरू आहे, एवढंच होतं. भंवरलालनं पेपर उचलला, डोळ्यांसमोर धरला आणि... त्याच आवाजात, जाडसर, तोडून तोडून... “गावोगाव फिरून धंदा करणाऱ्यांनी मदत केल्याचा पोलिसांना संशय आहे. नागरिकांनी अशा लोकांवर नजर ठेवावी.” कुठं अडखळला नाही. काकासाहेबांचं तोंड बंद झालं. काय बरं वाटलं होतं तेव्हा! आज त्या बरं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

चौथ्या दिवशी दगडूभाई वेशीतून आत येत होता, ह्याच दुकानाची गादी पिंजायला. रामकिसननं आणि आणखी तिघांनी त्याला अडवलं. गाठोडं सोडायला लावलं. दुसऱ्या कुणाच्या उशीचा कापूस धुळीत गेला, कमानीची तार कुणीतरी तोडली. “रामकिसन, तुझ्या लग्नाची गादी म्या भरल्ती रे,” एवढंच तो म्हणाला, आणि मग त्यानं दुकानाकडे पाहिलं. भंवरलाल साखर तोलत होता. तोललेली साखर पुन्हा तोलत होता.

“आपण त्या दगडूभाईचं गाठोडं कशापायी सोडलं मंग?” रामकिसननं आता विचारलं, जमिनीकडे बघत.

“आपला काय कसूर?” काकासाहेब म्हणाले. “पेपरात आल्तं. छापणारे जिम्मेदार.”

“बराबर हाय.” रामकिसन म्हणाला. “पण शेठ, तो पेपर हाय का हो तुमच्याकडं? दगडूभाई केदारखेड्याला लेकीकडं असतो. कमरंतून गेलाय म्हणं. उद्या जाऊन राह्यलो मी. पाय धरतो त्याचे. पेपर दाखवून म्हणतो, हे आमच्या मनातलं न्हवतं, छापून आल्तं. त्याची नात शाळंत जाती, ती दाखवील वाचून.”

किराणा दुकानात पेपर टिकतो कुठं? त्याच्या तर पुड्या बांधल्या — एवढं म्हटलं की झालं, बिलकुल कुणाला शंका यायची नाही. “त्याच्या तर...” भंवरलालनं सुरुवातही केली. पण त्याच्या पुड्या झाल्या नव्हत्या. दोनदा फाडायला घेतलेला तो अंक दोनदा परत ठेवला गेला होता. तो गादीखाली होता, भिंतीकडच्या बाजूला, चार घड्या घालून. दर दिवाळीला दुकान झाडताना भंवरलाल तो काढायचा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचा, की असेल ते वाक्य... एखाद्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात असेल, घाईत नजरेतून सुटलं असेल... नव्हतं ते. मी तीनदा शोधलं. कुठंच नव्हतं.

“काय शेठ? हाय का?”

रामकिसन त्याच्याकडे बघत होता, पेपर ऐकताना बघतो तसा, विश्वासानं. पुड्या बांधल्या, हे ठामपणे सांगायला भंवरलालनं तो जाड आवाज लावून पाहिला. तो लागला नाही. नकळत हात गादीखाली गेला होता आणि घडीची कड बोटांना लागत होती.

“रामकिसन,” तो म्हणाला, “उद्या कितीला निघतोस?”

आवाज बारीक निघाला, घरातला, बायकोशी बोलतानाचा. नीट ऐकू यावं म्हणून रामकिसन फळीवरून पुढं सरकला. काकासाहेबांनीही मान वळवली. पुढं काय बोलणार होतो, मला माहीत नव्हतं. भीती वाटत होती, आणि तरी गादीखालचा हात मी काढून घेतला नाही.