शेंड्यावरच्या अळ्या

ताईने शेंड्यावरून उलटी लोंबणारी अळी चिमट्यात धरली आणि ती चिमट्यातच फुटली. तपकिरी पाणी हातमोज्यावरून ओघळत तिच्या पिवळ्या कोटाच्या बाहीला लागलं. ताईला त्याचं काही वाटलं नाही. त्या पाण्यातच तर तिचा विषाणू होता. शेतात सापडला तसाच, काहीही फेरफार न केलेला. तो अळीला सावकाश मारतो. मरण्याआधी अळी झाडाच्या टोकावर चढते, मागच्या पायांनी लोंबते, फुटते आणि खालच्या पानांवर विषाणू शिंपून जाते. पुढची अळी ती पानं खाते आणि तिचीही तीच गत होते. फवारणी एकदाच करायची. फक्त यात आठवडा जातो, आणि आठवडाभर अळी टोमॅटोवर ताव मारत राहते.

काचेपलीकडून हसण्याचा आवाज आला. शेजारच्या काचघरात संचालक पाहुण्यांना घेऊन आले होते. मधोमध छोटी उभी होती, निळ्या कोटात.

छोटी ही ताईची सख्खी धाकटी बहीण. ताईच्याच विषाणूत तिने विंचवाच्या विषाचं जनुक बसवलं होतं. तिच्या अळ्या दोन दिवसांत ताठरून टपाटप खाली पडत. शिवाय तिने आणखी एक जनुक घातलं होतं, त्यामुळे तिच्या विषाणूने मेलेली अळी निळ्या दिव्याखाली हिरवी चमकायची. कुणी मारलं याबद्दल शंकाच नको.

पाहुण्यांमधल्या एक बाई ताईच्या दारात डोकावल्या.

"तुम्ही त्यांच्या ताई ना? नशीबवान आहात हो."

"हो ना," ताई म्हणाली आणि चिमटा जरा जोरातच ताटलीत टाकला.

छोटीला पहिली अळी दाखवली कुणी? काडेपेटीत ठेवून, आजोबांच्या भिंगाखाली धरून, "श्वास सोडू नकोस गं तिच्यावर," असं कोण सांगायचं? ते कुणी विचारत नव्हतं. हल्ली फोनवर आईसुद्धा आधी छोटीची चौकशी करायची. या अळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी डबी, हे आईला एकदा दाखवलं होतं. आई म्हणाली, "तुम्हा दोघींना घ्यायला हव्या होत्या अशा डब्या." तिघी हसल्या. ताई जरा कमी.

पाहुणे गेल्यावर छोटी ताईच्या दाराशी आली. आत पाऊल टाकलं नाही. एका काचघरातला विषाणू दुसऱ्यात जाऊ नये म्हणून केलेले नियम पाळण्यात ती पक्की होती.

"ताई, आज नव्या अळ्या सोडल्यात. आता पुन्हा फवारायचं नाही. पण पहिल्या सगळ्या मातीत पडल्या गं. पानांवर विषाणू काही उरला असेल का?"

"बघू की," ताई म्हणाली.

काही उरला नसणार, हे तिला ठाऊक होतं. छोटीलाही असावं, म्हणून तर विचारत होती.

दुसऱ्या दिवशी छोटी जेवायला गेल्याचं पाहून ताई शेजारी गेली. दारावर पाटी होती, 'पिवळा कोट इथे काढा', आणि पाटीखाली खुंटी. ताईने पाटी पाहिली की नाही, हे तिचं तिलाही नंतर सांगता आलं नसतं. ती घाईत होती. आत पानांची चाळण झाली होती. तिने एक पान उलटलं. खाली कोवळी अळी मजेत कुरतडत बसली होती. तिने दुसरं उलटलं. मग पुढचं झाड, मग त्याच्या पुढचं.

"खा गं बाई, पोटभर खा," ती पुटपुटली.

त्या संध्याकाळी छोटीचा चहा तिने स्वतः केला. साखर बेताची, छोटीला आवडते तशी.

आठवडा उलटला आणि छोटी धावतच आली.

"ताई, मेल्या! सगळ्याच्या सगळ्या! टिकला गं माझा! संचालकांना फोन केलाय, ते सगळ्यांना घेऊन येतायत. दिवा त्यांच्यासमोरच लावायचा. हिरवंगार होईल बघ सगळं!"

ताईने काचेतून पलीकडे पाहिलं. प्रत्येक शेंड्यावर एक तरी अळी लोंबत होती, डोकं खाली करून, काळी, मऊ. छोटीची अळी कधी लोंबत नाही. छोटीची अळी पडते.

"या वर चढल्यात," ताई सावकाश म्हणाली.

"हो, पानांवर थोडाच उरला असेल ना, म्हणून वेळ लागला असेल," छोटी भराभर म्हणाली. गाल लाल झाले होते तिचे. लहानपणी काडेपेटी उघडताना व्हायचे तसे.

दिवा लागेल. एकही अळी चमकणार नाही. संचालकांसमोर, त्या बाईंसमोर. कसं झालं हे कुणाला कळायचं नाही. ताईला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला काय लागतं?

"तू शेजारी उभी राहा हं," छोटी म्हणाली. "मी बोलताना धापा टाकायला लागले की हळूच सांग, श्वास सोडू नकोस म्हणून."

फाटकापाशी गाडी थांबल्याचा आवाज आला.

"दिवा आण," ताई म्हणाली.

"आत्ता? अगं, ते आलेच—"

"आधी आपण दोघीच बघू. जा, आण."

छोटी दिवा घेऊन आली तेव्हा ताई शेजारच्या काचघराच्या दाराशी, पाटीसमोर उभी होती. तिने पिवळा कोट अंगातून काढला, खुंटीला अडकवला आणि धुऊनही डाग न गेलेली बाही वळवून छोटीकडे केली.

"मागच्या आठवड्यात मी तुझ्या झाडांत आले होते," ती म्हणाली. "तेव्हा हा काढला नव्हता."

छोटीने बाहीकडे पाहिलं, मग शेंड्यांकडे. दिवा तिच्या हातात तसाच राहिला, न लावलेला.

ताईने मान खाली घातली होती. तरी तिची नजर हळूच शेंड्यांकडे गेलीच. किती छान लोंबल्या होत्या.