नर्सबाईंचा डाव

“शह,” अनुसूया म्हणाली, आणि घोड्यावरचं बोट काढता काढता तिला दिसलं, की हा नुसता शह नाही. बालाजीच्या राजाला जायला कुठंच जागा उरली नव्हती.

बालाजी बराच वेळ पटाकडे पाहत राहिला. त्यानं डावीकडे हात नेला, परत आणला. उजवीकडे त्याचाच उंट वाट अडवून उभा होता. शेवटी तो उठला आणि पायात चपला सरकवत म्हणाला, “चहा टाकतीस का?”

“टाकते की.”

चहा उकळून वर येईपर्यंत तो घरातून निघून गेला होता. अनुसूयेनं दोन्ही कप स्वतःच प्यायले.

ती शिरड शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. वीस वर्षं त्याच गावात काढल्यामुळे गावातल्या नव्या आयांना त्यांच्या लहानपणी पहिल्यांदा टोचलेल्या सुया तिच्याच हातच्या होत्या. बालाजी गावातल्या शाळेत क्लार्क. पारावरचा सगळ्यात तयार गडी म्हणून त्याचं नाव होतं. वजीर लवकर बाहेर काढायचा आणि समोरच्याला दम घेऊ द्यायचा नाही, ही त्याची रीत. कोरोनाच्या साली शाळा बंद झाली, पारावर बसायला मनाई आली आणि त्याला खेळायला माणूस उरलं नाही. म्हणून त्यानं बायकोला शिकवलं. ती दिवसभर घरोघर फिरून यायची, मागच्या न्हाणीत अंघोळ करून घरात शिरायची, तर हा पट मांडून बसलेला.

पहिली दोन वर्षं ती एकही डाव जिंकली नाही. त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, आणि समोरासमोर बसून तासभर घालवायची ही त्यांची पहिलीच वेळ होती. पण हरायचं कारण कळत नाही, हे मात्र तिला खुपायला लागलं. दवाखान्यात ताप कशानं आला ते कळेपर्यंत तिला चैन पडत नसे. तिनं जुन्या लसीकरणाच्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर डाव उतरवायला सुरुवात केली. दोनेक महिन्यांनी ती सगळी पानं घेऊन बसली, तेव्हा तिला दिसलं की तिला मोठ्या डावपेचांनी कुणी हरवत नव्हतं. घोडा नाही तर उंट ती फुकट घालवत होती. बालाजीची चाल झाली की तिचा हात आपोआप उठायचा. त्यानं ती चाल कशासाठी केली, हे ती बघतच नव्हती.

मग ती उजवा हात मांडीखाली दाबून बसायला लागली.

“हात काहून दाबून बसलीस?” बालाजीनं विचारलं.

“मुंग्या येऊन राहिल्या,” ती म्हणाली.

मुलगी अबोली नांदेडला शिकत होती. तिनं सुट्टीत आईच्या मोबाईलवर बुद्धिबळाची कोडी टाकून दिली. लस टोचून झाल्यावर लेकराला अर्धा तास थांबवून ठेवावं लागतं, त्या वेळात अनुसूया दोनचार कोडी सोडवायची. हळूहळू तिला बालाजीचा खेळही समजायला लागला. तो राजाला कधी कोपऱ्यात, हत्तीच्या आडोशाला नेत नसे. त्याचा पहिला हल्ला वीसेक चाली सोसला, की तो कंटाळायचा आणि चुकायचा. अनुसूया सोसायला लागली. वजिराला वजीर मारून घ्यायची आणि प्यादी सांभाळत बसायची. आधी दोनतीन डाव बरोबरीत सुटले, आणि मग हा रविवार आला.

सोमवारी तिच्या हातून एक चूक झाली. गावातल्या आशा कार्यकर्ती लक्ष्मीबाई दवाखान्यात आल्या, तेव्हा आनंदाच्या भरात ती बोलून गेली, “लक्ष्मीबाई, काल म्या ह्यांच्यावर मात केली.” लक्ष्मीबाईंनी ते घरी सांगितलं, आणि दुपारपर्यंत ते गावभर झालं. संध्याकाळी पारावर सोनाजी दुकानदारानं सगळ्यांसमोर विचारलं, “बालाजीराव, नर्सबाईनं सुई टोचली म्हणं तुमाला?”

पार हसला. बालाजीही हसला. घरी येऊन त्यानं पट आणि सोंगट्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिल्या.

त्यानंतर रोज काही ना काही निघायचं. कधी डोकं दुखायचं, कधी शाळेचं काम असायचं. तो भांडला नाही की टाकून बोलला नाही. भाजी आणायचा, तिच्या स्कुटीत पेट्रोल भरून आणायचा. फक्त संध्याकाळी समोर बसेना. दीड महिना असा गेला. आपण जिंकायला शिकलो ते कुणाबरोबर बसून राहण्यासाठी, हा प्रश्न तिला एकदा चपात्या लाटताना पडला आणि तिनं तो बाजूला सारला.

एका रविवारी तिनंच पट काढला. “एक डाव खेळता का?”

तो बसला. डाव चांगला रंगला. पंधराव्या चालीला अनुसूयेनं आपला हत्ती त्याच्या उंटाच्या माऱ्यात उघडा नेऊन ठेवला. बालाजीचा हात उंटाकडे गेला आणि मधेच थांबला.

“हा हत्ती तू सोडलास.”

“दिसला न्हाई मला.”

“तुला दिसला न्हाई असं आता व्हत न्हाई.” त्याचा आवाज चढला नव्हता. “मला लेकरू समजून राहिलीस का? मुद्दाम हरायचं असंल तर बसू नकोस माझ्यासमोर.”

त्यानं हत्ती मारला नाही. डाव तसाच ठेवून तो उठला. अनुसूया उघड्या हत्तीकडे पाहत बसली. लोक हसले तेव्हा त्याला लागलं असेल, पण आज त्याहून जास्त लागलं, हे तिला कळलं. आणि तुला दिसला नाही असं आता होत नाही, हे म्हणताना त्यानं तिचा खेळ कबूल करून टाकला होता, तेही कळलं.

फेब्रुवारीत हिंगोलीला जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांच्या स्पर्धा होत्या. यादीत संगीत खुर्ची आणि धावण्याच्या खाली बुद्धिबळ होतं. तिनं नाव दिलं आणि घरी सांगितलं.

“जा की,” बालाजी म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, “पयल्या डावात घाई करू नकोस.”

महिलांमध्ये अकरा जणी होत्या. अनुसूयेनं हात मांडीखाली घेतला आणि ओळीनं चार डाव जिंकली. पाचवा आणि शेवटचा डाव प्रियदर्शनी नावाच्या, सेनगावकडच्या तरुण ग्रामसेविकेशी पडला. ती मुलगी शांत होती, डोळे पटावरून हलवत नव्हती. शेवटी पटावर दोन राजे आणि प्रियदर्शनीचं एकच प्यादं उरलं. अनुसूयेचा राजा त्या प्याद्यासमोर उभा होता. मागं सरकायला त्याला तीन घरं होती. ती थकली होती. तिनं राजा तिरका मागं घेतला. चार चालींत त्या प्याद्याचा वजीर झाला.

“ताई, चांगला खेळलात,” प्रियदर्शनी म्हणाली. अनुसूयेला दुसरा नंबर मिळाला. परतीच्या बसमध्ये औंढ्याच्या अलीकडे, खिडकीतून हळद काढलेली रानं बघता बघता, तिला आपली चूक सापडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजी दाढी करून आला आणि म्हणाला, “हरलीस तो डाव दाखव.”

तिनं पट मांडला. सगळा डाव दाखवण्यासारखा नव्हता. तिनं फक्त शेवटचे तीन मोहरे ठेवले आणि म्हणाली, “इथं माझी चाल व्हती. बराबर खेळले असते तर बरोबरी झाली असती.”

“सांगू नकोस. बघू दे मला.”

तो उठून तिच्या बाजूला येऊन बसला. असले शेवट त्याच्या खेळात कधी येतच नसत. त्याचे डाव त्याच्या कितीतरी आधी संपायचे. त्यानं राजा डावीकडे तिरका नेला. अनुसूया समोरच्या बाजूला बसली आणि प्रियदर्शनीच्या चाली खेळली. प्यादं पार गेलं. त्यानं उजवीकडे नेला. प्यादं पुन्हा पार गेलं. त्यानं मोहरे पहिल्यासारखे लावले.

अनुसूया उठली, डाळ निवडली, कुकर लावला. दोन शिट्ट्या झाल्या तरी बाहेरच्या खोलीत तो पटावरच वाकलेला होता. तिसऱ्या शिट्टीनंतर त्यानं हाक मारली.

राजा सरळ मागं, एक घर सरकवलेला होता. ती बसली, समोरच्या चाली केल्या. दरवेळी त्याचा राजा आडवा आला. प्यादं तिथंच अडकलं.

“हे काहून केलं न्हाईस तू?”

“तव्हा दिसलं न्हाई.”

बालाजीनं मान हलवली. “मलाबी लई टाइम लागला.”

आत कुकरची वाफ गेली होती. तिनं दोन ताटं वाढली आणि तिथंच आणली. बालाजीनं पट उचलला नाही. ताट ठेवण्यापुरता तो थोडा बाजूला सरकवला, तिन्ही मोहरे हलू नयेत म्हणून दोन्ही हातांनी, हलकेच.