सेमिनरी हिलचा चढ

इंजिन बंद होऊन बराच वेळ लोटला होता, तरी आम्ही तिघे गाडीभोवतीच उभे होतो. बोनेटवरची हवा थरथरत होती. चोपन्नच्या एप्रिलमधली ती दुपार. सदर बाजाराच्या मागच्या रस्त्यावर एक टांगासुद्धा नव्हता, आणि मोटारदुरुस्तीच्या शेडच्या पत्र्याखालची सावलीही उन्हाइतकीच थकलेली वाटत होती.

आधी रामाजी बोलला. तो टॅक्सीवाला, शेडवर नेहमी येणारा. चाचणीसाठी आम्ही सेमिनरी हिलच्या चढावर गेलो तेव्हा सीटच्या मागे, दुमडलेल्या टपाची कड धरून बसला होता.

"रुपरावजी, बोनेटात चने भाजाले ठेवले का गा?"

रुपराव मिस्त्री हसले. पण क्षणभर उशिरा, आणि रामाजीच्या ओठांवरून नजर न काढता.

गाडी माझी, दोन आसनांची, उघडी, मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज इंजिनिअरकडून घेतलेली. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाने आयुष्यात केलेला तेवढाच एक अविचार. रविवारी सकाळी अमरावती रोडवर पाव मैलाची शर्यत होती. तिच्यासाठी रुपरावांनी हेड घासून इंजिनाचा दाब वाढवला होता, आणि ठिणगीची वेळ साधणारा जुना डिस्ट्रिब्युटर काढून लष्करी लिलावातून आणलेला दुसरा बसवला होता. त्याच्या नाजूक स्प्रिंगा वेग वाढताच ठिणगी लवकर पाडीत. किती लवकर, एवढाच प्रश्न होता. चढावर भार पडला की पिस्टन वर पोचण्याच्या फार आधी पेट्रोल पेटत होते, आणि तापल्या वाळूत चणे फुटावेत तसा कोरडा, बारीक तडतडाट उठत होता. तो मी ऐकला, रामाजीने ऐकला. असा आवाज काढीत गाडी पळवली तर पिस्टनला भोक पडते, हे मला रुपरावांनीच शिकवले होते.

रुपराव माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी तो ऐकला नव्हता.

साऱ्या शहरात त्यांना कानाचे मिस्त्री म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून उभे राहत, आणि कोणता व्हॉल्व्ह आजारी आहे ते सांगत. रविवारी जबलपूरचे चंद्रभान शेठ माझी गाडी पाहायला येणार होते. ती नीट धावली तर त्यांच्या दोन्ही गाड्या दुरुस्तीला रुपरावांकडे येणार होत्या. रविवारी पिस्टन फुटला तर तो कान साऱ्यांच्या देखत मोडणार होता. फुटू नये म्हणून मी आज बोललो, तर माझ्या देखत.

"टायमिंग बरोबर आहे," रुपराव आपणहून म्हणाले. "या, तुमीच पाहा, शरदभाऊ."

ते उमरेडच्या कोष्ट्याच्या घरातले. हातमाग सोडून मोटारीकडे आलेले. बाकीचे मिस्त्री ठिणगीची वेळ लावताना डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमध्ये, म्हणजे ठिणगीच्या क्षणी उघडणाऱ्या दोन पट्ट्यांत, सिगारेटचा कागद धरतात. रुपराव घरच्या मागावरचे एकेरी सूत धरीत. त्यांनी सुताचे टोक माझ्या हाती दिले आणि हँडल हळूहळू फिरवले. पुलीवरची खूण इंजिनावरच्या खुणेला भिडली, पॉइंट उघडले, सूत सुटून माझ्या बोटांत आले. केसाचाही फरक नव्हता. हात अजून तसाच होता.

"निंगालं का नाई?"

"निघालं."

"मंग? कागद खोटं बोलते. सूत नाई बोलत."

"उभ्या गाडीत बरोबर आहे, रुपरावजी. पुढचं काम स्प्रिंगांचं. आपण जुना डिस्ट्रिब्युटर परत बसवू."

गोणपाटावर पडलेल्या त्या जुन्या डिस्ट्रिब्युटरकडे त्यांनी पाहिले. "तो? तो तं पेन्शनीतला कारकून आहे गा. सायबाची घंटी वाजल्यावर चष्मा शोधते. तुमाले शर्यतीत जाचं आहे का रामटेकले दर्शनाले?"

"इंजिन धड घरी आणायचं आहे."

"इंजिनाले काय झालं? मी बाजूले बसलोच होतो ना. लोण्यावानी चढली."

रामाजीने तंबाखू मळायला घेतली. इतकी मन लावून, की त्याने वर पाहायचे नाही असे ठरवलेले उघड दिसत होते.

मी पळवाट काढून दिली. खोटेपणाचा एवढा दयाळू उपयोग मी पूर्वी केला नव्हता. "पेट्रोल हलकं मिळतंय सध्या. या स्प्रिंगा त्याला सोसायच्या नाहीत. तुमचा दोष नाही."

ती पळवाट त्यांनी घेतली असती तर बरे झाले असते. पण स्वतःच्या कसबावर विश्वास असलेला माणूस असा कनवाळूपणा अपमानासारखा परतवतो.

"हलकं असतं तं इंजिन बोललं असतं," ते म्हणाले. "इंजिन सारं बोलते, भाऊ. लोकं आइकत नाई, म्हणून तं माह्याकडे येते."

उन्हात कुठेतरी होला पक्षी घुमत होता, थांबत होता, पुन्हा घुमत होता. त्यातले किती त्यांच्यापर्यंत पोचत असेल, असा विचार मनात आला आणि मला स्वतःचीच शरम वाटली. पाठीमागे उभे राहून हाक मारून पाहता आली असती. ते मला जमणारे नव्हते. मी त्यांच्या समोर गेलो, त्यांना माझे ओठ दिसतील असा.

"मग चढावर ते काय बोललं, रुपरावजी?"

प्रश्न पोचला. त्यांच्या चेहऱ्यावर तो पोचताना मला दिसला. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग रामाजीकडे. रामाजीची मान वर आली नाही. अंगठा मात्र थांबला होता.

रुपरावांनी चिंधीला हात पुसले, एकेक बोट, सावकाश. जुन्या डिस्ट्रिब्युटरशेजारी पडलेला पाना उचलून माझ्या तळहातावर ठेवला. मग पत्र्याखालून वाकून ते बाहेर पडले आणि सदर बाजाराच्या दिशेने, रस्त्याच्या ऐन मधून, उन्हात चालू लागले.