बाटल्यांची खोली

काळाचौकीची खोली विकून हितेंद्रने परळच्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा तिसरी खोली आईची, असं त्याने चार पाहुण्यांसमोर सांगितलं होतं. मालनने त्याची मनाशी खूणगाठ बांधली. खोली चिमुकलीच होती, पण खिडकी पूर्वेला, आणि दार लावून घेतलं की आपलं आपण. दोन वर्षं ती तिथे राणीसारखी राहिली. एकाचं सुख दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपतंच. इथे पोटच्या पोराच्याच डोळ्यांत खुपलं.

हितेंद्रला वाइनचा नाद लागला. कंपनीने नाशिकला द्राक्षाच्या मळ्यात नेलं, तिथे कुणीतरी ग्लास गरगर फिरवून त्यात नाक खुपसायला शिकवलं, आणि परत आला तो निराळाच माणूस होऊन. आधी दोन बाटल्या आल्या, मग कपाट आलं, मग कपाट पुरेना. एका रविवारी तो म्हणाला, "आई, थोडे दिवस हॉलमध्ये झोपशील? तुझ्या खोलीत जरा काम काढायचंय."

काम म्हणजे काय, ते धनेश सुतार आल्यावर कळलं. त्याने पहिल्याच दिवशी खिडकी प्लायने बंद केली. त्यावर काळं प्लॅस्टिक, त्यावर गारवा धरून ठेवणाऱ्या जाड शीट, त्यावर पुन्हा प्लाय.

"उजेड नको, ऊन नको, बाहेरची हवा नको, काकी," तो म्हणाला. "बाटल्यांना त्रास होतो."

सागवानी मांडण्या केल्या, पण त्यांना पॉलिश नाही, कारण पॉलिशचा वास म्हणे बुचातून आत उतरतो. बाटल्या आडव्या निजवायच्या, म्हणजे बूच ओलं राहतं. त्यांना हादरे चालत नाहीत, म्हणून भिंतीला लागून असलेलं मालनचं शिवणयंत्र बाल्कनीत गेलं. बारा महिने तेरा डिग्री. ते गार करणारं मशीन इमारतीच्या बाहेरच्या अंगाला लावायला सोसायटीने नकार दिला, तेव्हा ते हॉलकडच्या भिंतीत बसवलं. आत गार वारा, बाहेर गरम झळ. त्या झळेच्या तोंडाशीच मालनची खाट आली.

"हय मी कशी निजतलंय रे, झिला?"

"थोडे दिवस गं, आई."

मालनचा नवरा कुशाबा गिरणीत होता आणि दारूपायी गेला. तांदळाच्या डब्यातून, माळ्यावरून, गाद्यांच्या गुंडाळीतून त्याच्या बाटल्या शोधून मालनने मोरीत ओतल्या होत्या आणि त्यापायी मारही खाल्ला होता. हे सगळं बघत वाढलेल्या मुलाने आता बाटल्यांना खोली बांधली, काचेचं दार लावलं, आत मंद पिवळा दिवा लावला, आणि देवघर दाखवावं तशी तो ती आल्यागेल्याला दाखवू लागला.

"ही दारू नव्हे, आई. वाइन आहे."

"आसात बाबा. माका काय कळता त्यातला."

खरं सांगायचं तर तिचा राग दारूवर उरलाच नव्हता. कुशाबाला जाऊन तेवीस वर्षं झाली. मेलेल्याच्या व्यसनावर किती दिवस दात खायचे? तिला तिची खोली हवी होती. पाहुणे आले की खाटेवरून उठून स्वयंपाकघरात बसायचं, लुगडं बदलायला बाथरूम रिकामं व्हायची वाट बघायची, दुपारी जरा डोळा लागला की सून सीमाच्या मैत्रिणी "सॉरी हं, आई" म्हणत चोरपावलांनी जायच्या. त्या चोरपावलांचा तिला जास्त राग यायचा. थोडे दिवस म्हणता म्हणता सात महिने झाले.

गणपती आले. कोकणातला माणूस एक वेळ जेवण सोडील, पण गणपतीला गाव सोडणार नाही. कणकवलीला गाडीने जायचं ठरलं. निघायच्या सकाळी मालनने चाळीस वर्षं केलं तेच केलं. फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवलं, गॅसचा कॉक फिरवला, देवापुढचा दिवा शांत होईपर्यंत थांबली आणि चपला घालता घालता मेन स्विच खाली ओढला. बंद घरात वीज ठेवायची नाही, हा चाळीतला नियम. एका मे महिन्यात शेजारच्यांची कुलूपबंद खोली जळाली होती, तेव्हापासून तर गावाला निघणारा प्रत्येक जण जिन्यातून एकदा मागे वळून विचारायचा. हितेंद्रही त्याच चाळीतला. एका पायाने लिफ्टचं दार अडवून, फोन खांद्याने कानाशी दाबून त्याने विचारलं, "आई, मेन बंद केलास?"

"केलंय रे."

"बरं, चल."

देवाशपथ सांगते, असं मालन नंतर पुन्हा पुन्हा म्हणाली, तेव्हा तिच्या मनात बाटली नव्हती. आणि ते खरं होतं. त्याच्याही मनात नव्हती. सवयीने विचारलं, सवयीने सांगितलं आणि दोघं निर्धास्त खाली उतरली.

दहा दिवसांनी परत आली तेव्हा हितेंद्रने मेन वर केला आणि काचेच्या दाराशी जाऊन थबकला. आतल्या तापमानाचा आकडा एकतीस. काही बुचं वर सरकली होती, मांडणीवर लाल चिकट ओघळ होते. त्याने एक बाटली फोडली, घोट घेतला आणि बेसिनमध्ये थुंकला. दुसरी फोडली, तीही थुंकला. त्याला थुंकताना बघून मालनला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

"मुद्दाम केलंस तू."

"तूच इचारलंस ना लिफ्टीकडे?"

"मी? मी असं विचारीन? मला कळत नाही?" तो ओरडला. "बाबांच्या बाटल्या मोरीत ओतायचीस, तसंच केलंस. त्यांचा सूड माझ्यावर काढलास!"

मालनने सीमाकडे पाहिलं. सीमा लिफ्टमध्येच होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"मी मोबाईलवर होते, आई," सीमा म्हणाली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

चार दिवसांनी धनेश येऊन बाटल्या खोक्यांत भरून घेऊन गेला. मांडण्या रिकाम्या झाल्या. मालनने कुणी न सांगता फडक्याने चिकटा पुसला, लादी पुसली आणि मधोमध उभी राहून खाट कुठे बसेल ते पावलांनी मोजलं. खूप दिवसांनी तिच्या जिवाला उभारी आली. चहाच्या वेळी ती हळूच म्हणाली, "झिला, खोली आता रिकामीच आसा. धनेशाक सांगून खिडकी उघडून घे. माझी खाट..."

"दसऱ्याला नवीन माल येतोय," हितेंद्र म्हणाला. "आणि मेनच्या बॉक्सला कुलूप लावतोय. किल्ली माझ्याकडे राहील."

मालनने कप खाली ठेवला. मग तिच्या तोंडून तेच निघालं, जे भांडणात तिच्या तोंडून नेहमीच निघायचं. "तर मग मी जातंय गावाक. कायमची."

हे ती आजवर शंभर वेळा म्हणाली असेल. दर वेळी तो म्हणायचा, वेडी आहेस का, तिथे तुझं कोण बघेल? मग ती डोळे पुसायची आणि सीमा पुन्हा चहा टाकायची.

हितेंद्रने मोबाईल उचलला.

"परवाची आहे," तो म्हणाला. "गणपती उरकले की तिकडे जाणाऱ्या गाड्या रिकाम्याच असतात. लोअर बर्थ मिळतोय. कणकवलीच ना?"

सीमा दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला उठली. मालन त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. वाटलं, आता हसेल, आता म्हणेल.

त्याचं बोट स्क्रीनवर थांबलं. त्याने वर पाहिलं.

"आई, तुझं वय किती टाकू?"

"एकाहत्तर," ती म्हणाली.

त्याने टाकलं.